आदू चाणक्यला जातोय

डोंबिवली,
१२ जुलै २०२५

ती. आई आणि ती. बाबा यांना साष्टांग नमस्कार.

फोन केला असता, पण फोनवर आई गप्प होते आणि बाबा "बरं बरं, ठेव आता" म्हणतात. म्हणून लिहितेय. पत्र हातात असलं की आई दोनदा वाचेल, मनातल्या मनात माझ्याशी भांडेल, आणि निदान त्या भांडणात माझी बाजू समोर तरी असेल.

तुमच्या नातवाने, आदूने, मर्चंट नेव्हीची प्रवेश परीक्षा दिली होती. पास झाला, मेडिकलही झालं आणि आम्ही पैसे भरले. ऑगस्टमध्ये तो टी. एस. म्हणजे ट्रेनिंग शिप चाणक्यला राहायला जाईल. नॉटिकल सायन्सची, म्हणजे जहाज चालवायच्या शास्त्राची पदवी, तीन वर्षांची. निकाल लागायच्या आधी दोन्ही घरं कशाला ढवळायची म्हणून बोलले नव्हते. आणि माझं नि संदीपचं एकमत व्हायलाच इतका वेळ गेला की त्यात आणखी दोन मतं आली असती तर फॉर्मची मुदतच टळली असती. बारावीला मार्क चांगले होते, इंजिनीअरिंगलाही मिळालं असतं, हे सगळं बोलून झालंय. तो नको म्हणाला. ओरडून नाही, शांतपणे म्हणाला, तेव्हाच मी समजले.

आई, पत्र खाली ठेवू नकोस. पुढचं वाच.

तीन वर्षं तो जमिनीवरच आहे. ट्रेनिंग शिप हे नुसतं नाव राहिलंय. नेरूळला करावे गावाजवळ, खाडीच्या काठाला इमारती आहेत, परेडचं मैदान आहे, वसतिगृह आहे. थंडीत तिथे फ्लेमिंगो येतात, ते बघायला तरी ये. जहाजावर जायचं ते पदवी झाल्यावर, आणि तेव्हा तो एकवीस वर्षांचा असेल. एकविसाव्या वर्षी तू सासू आणि आजेसासू दोघींचं करत होतीस.

तुझ्या मनात काय येणार ते मला माहीत आहे. अण्णा आजोबा ज्या रामदास बोटीबरोबर गेले, तिचं नाव आजीने कधी घेतलं नाही, तूही घेत नाहीस. समुद्र घरापासून पाच मिनिटांवर, पण आम्ही भावंडं घोट्याच्या वर पाण्यात गेलो नाही. अजूनही मुंबईला यायचं तर एकाच घरातून निघून बाबा रेवसच्या लाँचने येतात आणि तू पेण-पनवेलवरून एसटीने. मी त्यावर कधी हसले नाही. पण आई, रामदासवर वायरलेस नव्हता. सकाळी भाऊच्या धक्क्यावरून सुटलेली बोट काश्याच्या खडकाजवळ उलटली, सहाशेच्या वर माणसं गेली आणि दुपार उलटेपर्यंत मुंबईला पत्ता नव्हता. आता जहाज कुठल्या समुद्रात आहे ते आपण ओटीवर बसून मोबाइलवर बघू शकतो. शिवाय जहाजावर पाय ठेवायच्या आधी यांना जीव वाचवायचं शिक्षण सक्तीचं असतं. लाइफ जॅकेट घालून उंचावरून पाण्यात उडी मारायची, उलटा पडलेला तराफा पाण्यात राहून सरळ करायचा, आग विझवायची, प्रथमोपचार करायचे. हे आल्याशिवाय कोणी त्याला जहाजावर घेणार नाही. अण्णा आजोबांना यातलं काहीच मिळालं नव्हतं. म्हणूनच मला आदूला हे सगळं मिळायला हवंय.

आणि हो, डेकवर, म्हणजे जहाज चालवायच्या कामावर जायचं तर चष्म्याशिवाय नजर चांगली लागते, रंग नीट ओळखता यावे लागतात. त्याच्या वर्गातल्या दोन मित्रांचं तिथेच अडलं. दर सुट्टीत "मोबाइल ठेव, डोळे जातील" म्हणून तू त्याच्या मागे लागायचीस ना, आता भोग आपल्या कर्माची फळं!

बाबा, तुम्ही मिशीत हसू नका. याचं मूळ तुमच्याकडे आहे. माझगाव डॉकमध्ये तुम्ही रिगर होतात, दोरखंडांची कामं करायचात, तेव्हाच्या गोष्टी आम्हाला झोपताना सांगायचात. समोर पाण्यात नांगरलेली डफरिन, तेव्हाचं ट्रेनिंगचं जहाज, वर पांढऱ्या कपड्यांतली कोवळी पोरं, त्यांच्या वल्ह्यांच्या होड्या, आणि एकाचं वल्हं चुकलं की सगळ्यांना मिळणारी शिक्षा. तीच गोष्ट तुम्ही आदूलाही सांगितलीत, थोडी वाढवून. १९२७ पासून तिथे पोरं घडली, पुढे नौदलाचे पहिले भारतीय प्रमुख झालेले कटारी त्यातलेच आणि नंतरचे सोमनही, हे त्याला शाळेने नाही, तुम्ही शिकवलंत. १९७२ साली तुमच्या डॉकात बांधलेली नीलगिरी युद्धनौका नौदलात गेली आणि त्याच वर्षी डफरिन निवृत्त झाली, हे सांगताना तुमचा आवाज बदलतो तोही त्याने बरोबर हेरलाय. डफरिननंतर राजेंद्र आलं, राजेंद्रनंतर १९९३ पासून चाणक्य. म्हणजे नातू तुमच्या गोष्टीतच राहायला चाललाय.

शनिवारी रात्री तुम्ही घरी यायचात तेव्हा शर्टाला ग्रीसचा आणि काथ्याचा वास असायचा. मी तो शर्ट उशाला घेऊन झोपायचे आणि आई सकाळी तो धुवायला ओढून काढायची. विहिरीच्या दोराला बोलाइनची गाठ मारायला मला तुम्हीच शिकवलंत, दादाच्या आधी. त्या काळी मुलींना घेत नसत. आता चाणक्यला मुलीही असतात. माझ्या वेळी घेत असते तर काय झालं असतं, हा विचार फॉर्म भरताना एकदा येऊन गेला. असो.

खाण्यापिण्याचं विचारशील म्हणून सांगते. मेसमध्ये व्हेज-नॉनव्हेज दोन्ही आहे, पोटभर मिळतं. आपले बोंबील मिळणार नाहीत, पण उपाशी राहणार नाही. पहाटे उठून पीटी, मग परेड, मग वर्ग, संध्याकाळी खेळ किंवा पोहणं, रात्री ठरलेल्या वेळी दिवे बंद. केस बारीक कापतील. कपडे स्वतः धुवायचे, इस्त्री स्वतः, बूट स्वतः. हा मुलगा घरी पाण्याचा ग्लास उचलून ठेवत नाही, तेव्हा मला तरी यात वाईट काही दिसत नाही. रॅगिंगविरोधी प्रतिज्ञापत्रावर त्याने आणि आम्ही सह्या केल्यात. पहिले काही आठवडे त्याला जड जातील. जाऊ देत.

आता दोघांनी नीट ऐका. पहिल्या महिन्यात लाडू, चिवडा, सोडे काहीही पाठवायचं नाही. अंगारा पाठव आई, तो मी त्याच्या पाकिटात ठेवीन. फोनवर त्याच्यासमोर रडायचं नाही; रडायचं असेल तर मला फोन कर, मीही तेच करणार आहे. भेटायला यायचं, पण सुट्टी कधी ते मी विचारून कळवते, न सांगता धडकायचं नाही. आणि बोटीचा प्रश्नच येत नाही, कारण तुझी नेहमीची एसटी नेरूळवरूनच जाते. मी तिथे थांब्यावर उभी राहीन.

बाबांनी डोळ्याचं ऑपरेशन आणखी पुढे ढकलायचं नाही. पावसाळा संपला की करायचंच, मी आठवडाभर येऊन राहते. शेवाळलेल्या अंगणात पहाटे बॅटरीशिवाय उतरू नका. नारळ काढायला माणूस बोलवा, शिडीला हात लावलात तर मला शेजारून कळतं हे लक्षात असू द्या. आई, बीपीची गोळी "आज बरं वाटतंय" म्हणून सोडायची नसते. डबीतले खाने मी फोनवर मोजायला लावणार आहे.

पुढच्या शनिवारी आम्ही तिघं येतोय. तेव्हा हवं ते बोल, मला रागव, ऐकून घेईन. पैसे भरलेले आहेत, तेवढं फक्त धरून चाल. आदूला मात्र रागवू नकोस. "आजीला कोण सांगणार?" हे तो महिनाभर मला विचारतोय. परीक्षेला घाबरला नाही तेवढा तुला घाबरलाय.

तुमची,
बेबी

ता. क. बाबा, तुमच्याकडचा जुना स्पाइक शोधून ठेवा. दोर उकलायचा तो लोखंडी सुवा हो, लाकडी मुठीचा. आदूने मागितलाय. तिथे चालत नसेल तर इथे घरी ठेवू.