रियो नेग्रोच्या काकांना, मनापासून आभार

काका, सप्रेम नमस्कार.

ब्राझीलमधल्या मानाउस शहरातून आमच्यासोबत आलेली दुभाषी ताई हे पत्र तुम्हाला पोर्तुगीजमध्ये वाचून दाखवणार आहे. मराठीत मी ते उघडपणे लिहितोय, कारण ठाण्या-पुण्यात, नाशिक-कोल्हापुरात घरी माशांची टाकी ठेवणारे माझे खूप मित्र आहेत. निळ्या-लाल पट्ट्याचा कार्डिनल टेट्रा सगळ्यांना आवडतो. तो मुळात कुठे राहतो आणि त्याला पाण्यातून कोण उचलतं, हे फारच थोड्यांना ठाऊक आहे.

तुम्ही मला तुमच्या होडीत घेतलंत, त्याबद्दल सगळ्यात आधी आभार. तुमच्या बार्सेलोस गावच्या धक्क्यावर कॅमेरे घेऊन उतरणारे पाहुणे तुम्हाला नवीन नाहीत. गावाजवळच्या एखाद्या वळणावर दहा मिनिटं जाळं फिरवून दाखवलं असतंत, तरी आम्ही खूश होऊन परतलो असतो. पण तुम्ही मला तुम्ही खरोखर काम करता तिथे नेलंत, मारिउआच्या बेटांमागे, झाडांच्या फांद्या डोक्याला लागाव्यात इतक्या अरुंद ओढ्यात. मानाउसपासून बार्सेलोस नदीने चारशे किलोमीटरहून लांब. त्या एका नगरपालिकेचा पसारा सुमारे 1,22,000 चौरस किलोमीटर, म्हणजे आमच्या महाराष्ट्राच्या तिसऱ्या हिश्श्याहून मोठा, आणि ये-जा जवळजवळ सगळी पाण्यातून. नकाशावर हे सगळं मी वाचलं होतं. तुमच्या होडीत बसल्यावर ते अंगाला जाणवलं.

तुमच्या रियो नेग्रो नदीचं पाणी कोऱ्या चहासारखं आहे. कुजणाऱ्या पानांतलं टॅनिन त्यात उतरतं, क्षार जवळपास नसतात, पीएच चार-पाचच्या आसपास, म्हणजे पाणी चांगलंच आम्लधर्मी. आमच्याकडे टेट्रा पाळणारे टाकीत देशी बदामाची वाळलेली पानं टाकून असंच पाणी बनवायचा प्रयत्न करतात. तुम्ही त्यात हात बुडवलात, तळाची पानं थोडी हलवलीत आणि नुसत्या नजरेने मला थांबायला सांगितलंत. पानांच्या सावलीतून निळी रेघ सरकली. मग आणखी एक. मग पूर्ण थवा.

पुढे जे पाहिलं ते मी आमच्या मासे पाळणाऱ्या मित्रांना पुन्हा पुन्हा सांगतो. तुमचं ते रापिशे, म्हणजे लाकडी चौकटीला बारीक जाळी लावलेलं मोठं हातजाळं, तुम्ही पाण्यात नुसतं धरून ठेवलंत. दुसऱ्या हातातलं वल्हं थव्याच्या मागून इतकं सावकाश आणलंत की मासे घाबरून उधळले नाहीत, आपणहून जाळ्यावर सरकले. आणि जाळं तुम्ही पाण्याबाहेर काढलंच नाही! त्याच्या कडा तेवढ्या वर उचलल्यात, मासे मधल्या खोलगटात जमले, आणि वाटीने पाण्यासकट त्यांना टबात सोडलंत. मासा कोरड्या जाळीवर तडफडला की त्याच्या अंगावरचा बुळबुळीत थर खरवडतो. त्या दिवशी तो ठणठणीत दिसतो, चार दिवसांनी बुरशी लागून मरतो. दुकानातून आणलेले मासे आठवडाभरात का जातात, यावर आमच्याकडे औषधांच्या बाटल्यांची चर्चा रंगते. त्यातल्या किती मरणांची सुरुवात पकडणाऱ्याच्या हाताशी होत असेल, हे मला तुमच्या हाताकडे पाहून कळलं.

थव्यात नको असलेले मासे आले, ते तुम्ही तिथल्या तिथे परत सोडलेत. घाई असतानाही. पाय उचलून टाकू नको, तळाशी घासत चाल, म्हणजे वाळूत दडलेला पाकट बाजूला होतो, हेही तुम्हीच खुणेने शिकवलंत. माझे पाय शाबूत घेऊन मी घरी आलो, त्याबद्दल माझ्या आईनेही तुम्हाला नमस्कार सांगितला आहे.

पण खरे आभार रात्रीचे. आम्ही सगळे झुल्यांत झोपलो आणि तुम्ही टबांपाशी बसलात. टब उथळ आणि पसरट, म्हणजे हवा लागायला पाण्याचा पृष्ठभाग मोठा मिळतो. मेलेला एखादा मासा लगेच काढायचा, नाहीतर बाकीचं पाणी नासतं. खायला काही घालायचं नाही. पाणी बदलायचं ते त्याच ओढ्याचं, थोडं थोडं. मी मधूनमधून जागा व्हायचो तेव्हा तुमच्या डोक्यावरचा दिवा हललेला दिसायचा. तुम्हाला कुणी सांगितलं नव्हतं आणि त्या जागरणाचे वेगळे पैसेही नव्हते. सकाळी फारिन्या, म्हणजे कसाव्याच्या कंदाचं भरड पीठ, पाण्यात कालवून खाल्लंत आणि पुन्हा वल्हं हातात घेतलंत.

हजार माशांच्या हिशेबाने तुम्हाला पैसे मिळतात. नदीवरून फिरणारा व्यापारी आधी डिझेल, मीठ, जाळी देतो आणि ती उचल माशांतून फेडावी लागते, हेही तुम्ही सांगितलंत. आमच्याकडे ऊसतोडीला जाणाऱ्यांना उचल काय असते ते नीट ठाऊक आहे. परदेशातल्या दुकानात एका कार्डिनलला जी किंमत पडते, तिच्याशी तुमच्या हजाराचा भाव ताडून पाहिला तेव्हा मला वाईट वाटलं. हा हिशेब बदलला पाहिजे असं माझं ठाम मत आहे, आणि मासे घेणाऱ्यांनी ते मोठ्याने म्हटलं पाहिजे.

जंगलातून पकडलेला मासा घ्यावा की नाही, यावर आमच्याकडे फार वाद होतात. तुमच्या नदीपुरतं तरी माझं उत्तर आता पक्कं आहे. पाणी चढलं की रियो नेग्रो जंगलात शिरते, आणि कार्डिनल त्या बुडालेल्या झाडांमध्ये खातो, वाढतो. पाणी उतरलं की असंख्य मासे डबक्यांत अडकतात, पक्ष्यांच्या आणि मोठ्या माशांच्या तोंडी जातात. निसर्गात त्यातले बहुतेक जेमतेम वर्षभर जगतात, नीट ठेवलेल्या टाकीत कित्येक वर्षं. हातजाळ्याने काढलेल्या माशांमुळे ही नदी रिकामी झालेली नाही. झाडं तोडली तर मात्र होईल. लाबिश चाओ या शास्त्रज्ञांनी 1989 मध्ये सुरू केलेला प्रोजेक्ट पियाबा इतकी वर्षं हेच सांगतो आहे: मासा घ्या, झाड वाचवा. जंगलावर पोट असलेलं गाव जंगल राखतं.

एके काळी तुमच्या भागातून दरवर्षी कोटींच्या घरात मासे जात, बार्सेलोसच्या उत्पन्नाचा अर्ध्याहून मोठा वाटा त्यातून येई. मग इतर देशांत टाक्यांमध्ये पैदास केलेले कार्डिनल बाजारात आले आणि तुमची मागणी घसरली. तुमच्या सोबतचे किती जण मानाउसला गेले, किती जण झाडूच्या काथ्यासाठी पियासावा नावाचा ताड तोडायला जंगलात गेले, किती जण गळाने तुकुनारे हे मोठे मासे पकडणाऱ्या पर्यटकांच्या बोटींवर लागले, ते तुम्ही बोटांवर मोजत सांगितलंत. 2014 मध्ये रियो नेग्रोच्या शोभेच्या माशांना भौगोलिक मानांकन मिळालं. आपल्या हापूसला जे मिळालं तेच. त्याचा लाभ होडीपर्यंत पोचायला हवा.

सगळ्याच नद्यांना हे उत्तर लागू नाही, हेही मला माझ्या मित्रांना सांगायचं आहे. आमच्या सह्याद्रीच्या दक्षिण टोकाला, केरळ आणि कर्नाटकच्या ओढ्यांत डेनिसन बार्ब राहतो, तांबडी-काळी रेघ असलेला फार देखणा मासा. तो मोजक्याच ओढ्यांत सापडतो आणि आज धोक्यात आहे. 2013 मध्ये ज्या चार संशोधकांनी त्याला ‘सह्याद्रिया’ या नव्या प्रजातीत ठेवलं, त्यात पुण्याचे नीलेश डहाणूकर होते. 2005 ते 2012 या काळात भारतातून धोक्यातल्या जातींचे किमान 15 लाख मासे बाहेर गेल्याचं अभ्यासात दिसलं. केरळमध्ये डेनिसन बार्ब पकडण्यावर काही महिने बंदी आणली, पण त्याच्या विणीचा बराचसा हंगाम त्या महिन्यांच्या बाहेर निघाला. कोणत्या महिन्यात माशाच्या पोटात अंडी असतात हे तुम्ही तळहातावरच्या वाटीत बघून सांगता. तसं सांगणारी माणसं आमच्याही ओढ्यांवर आहेत. नियम करायला बसताना त्यांना बोलवावं, एवढी साधी गोष्ट आहे.

काका, तुमच्या गावच्या उत्सवाची चित्रफीत मी घरी सगळ्यांना दाखवली. 1994 पासून तुम्ही या चिमुकल्या माशांच्या नावाने पियाबोद्रोमोमध्ये, म्हणजे उत्सवाच्या मैदानात, नाचता, एका बाजूला कार्डिनलचा गट, दुसऱ्या बाजूला आकारा-दिस्को या डिस्कस माशाचा. तुम्ही लाल-निळ्या गटाचे आणि सूनबाई पिवळ्या-काळ्या गटाच्या, हे ऐकून माझी मुलगी लगेच तुमच्या बाजूची झाली.

आमच्या मंडळात एक गोष्ट ठरली आहे. ज्यांना ब्राझीलहून आलेले मासे परवडतात, त्यांनी आयातदाराला नदीचं नाव विचारायचं, आणि रियो नेग्रोचे मिळत असतील तर चार पैसे जास्त द्यायचे. आम्ही थोडेच जण आहोत. तरी विचारत राहू.

तुम्हाला हवे होते ते दोन फोटो छापून ताईकडे दिले आहेत, एक नव्याने डांबर लावलेल्या होडीचा, एक नातवाच्या हातात रापिशे असलेला. धक्क्यावर तिची बोट लागली की मागून घ्या. तुमच्या गुडघ्यासाठी मलमाच्या चार ट्यूब त्याच पिशवीत आहेत. रात्री लावून झोपायचं आहे.

तुमचा ऋणी,
ठाण्याचा एक मासे पाळणारा