निवडुंगाला दोरा बांधणाऱ्या माळीदादांस

आदरणीय माळीदादा,

सप्रेम नमस्कार.

घरापुढची हिरवळ जाऊन तेथे खडी, निवडुंग आणि घायपात यांची कोरडी बाग उभी राहिली, ती आपल्यामुळे. पैसे मिळाले, हिशेब मिटला, असे आपण जाताना म्हणालात. माझ्या लेखी तो अजून मिटलेला नाही, म्हणून हे पत्र चारचौघांसमोर लिहीत आहे.

आपल्या आधी जे कंत्राटदार येऊन गेले, त्यांचाही उल्लेख करणे भाग आहे. त्यांनी आगाऊ रक्कम घेतली, गवत वरवर खरवडले, त्यावर प्लॅस्टिक अंथरले, पांढरी खडी ओतली आणि ते निघून गेले. पावसाचे पाणी जमिनीत मुरण्याऐवजी घराच्या भिंतीकडे वाहू लागले आणि प्लॅस्टिकच्या प्रत्येक सांध्यातून हरळीने डोके वर काढले. तक्रार केली तेव्हा वाळवंटी बाग अशीच असते, असे उत्तर मिळाले. त्यानंतर फोन उचलला गेला नाही. वाळवंट म्हणजे ओसाड जागा आणि ओसाड जागेला कसली आली निगा, असा या मंडळींचा पक्का समज असावा.

आपण आलात आणि नव्या रोपांविषयी अवाक्षर न काढता आधी जुन्या झाडाखाली जाऊन उभे राहिलात. हिरवळीला दिलेले पाणी इतकी वर्षे तेही पीत होते आणि स्प्रिंकलर बंद झाल्यापासून ते तहानलेले आहे, हे त्याच्या गळणाऱ्या पानांवरून आपण ओळखलेत. खोडाला लागून नव्हे, तर फांद्यांची सावली जिथे संपते त्या कडेने आपण ठिबकची नळी फिरवलीत आणि मगच बाकीच्या कामाला हात घातलात. प्लॅस्टिक कसे निघाले, हरळीच्या मुळ्या कशा वेचल्या गेल्या, हे सारे मी येथे सांगत बसत नाही. ते कष्ट पाहणाऱ्यांनी पाहिले आहेत.

मला सांगायचे आहे ते त्या दोऱ्याविषयी. आधीच्या लोकांनी गोल्डन बॅरल जातीचा मोठा निवडुंग पायवाटेला खेटून, तोही गरजेपेक्षा खोल, लावून ठेवला होता. तो हलवण्यापूर्वी आपण खिशातून लाल दोरा काढलात आणि त्याच्या दक्षिणेकडच्या काट्यांना बांधलात. आपल्याला कोणी पाहत आहे, याची आपल्याला कल्पना नव्हती. मी खिडकीत उभा होतो. उन्हाला सरावलेली बाजू पुन्हा उन्हाकडेच राहिली पाहिजे, नाहीतर सावलीत वाढलेली कोवळी बाजू भाजते आणि तो डाग निवडुंगाच्या अंगावरून कधीच जात नाही, हे मी विचारल्यावर आपण सांगितलेत. मेक्सिकोत ज्या डोंगरकड्यांवर हा निवडुंग मूळचा वाढतो, त्यांचा काही भाग १९९० च्या दशकात झिमापान धरणाच्या पाण्याखाली गेला. मूळ घर असे बुडालेल्या जातीच्या एका झाडाची दिशा चुकू नये म्हणून कोणी दोरा बांधतो, हे पाहून मला गहिवरून आले. नंतर तुटलेल्या मुळ्या सुकेपर्यंत आपण तो सावलीत ठेवलात आणि लावल्यावर लगेच पाणी घालू नका, असे मला दोनदा बजावलेत.

मला बाग लवकर भरलेली हवी होती. घायपाताची आणखी रोपे घ्यायला मी तयार होतो. आपण नको म्हणालात. पूर्ण वाढल्यावर प्रत्येकाला किती जागा लागते, ते आपण हात पसरून दाखवलेत आणि पात्यांची टोके पायवाटेवरच्या लहान मुलांच्या डोळ्यांपर्यंत येतात, हेही लक्षात आणून दिलेत. स्वतःची विक्री कमी करून गिऱ्हाइकाचे भले पाहणारा माणूस भेटला की आधीच्या फसवणुकीचा कडवटपणा पुष्कळ उतरतो. प्रामाणिकपणाच्या गोष्टी आपण सगळेच मोठमोठ्या व्यवहारांच्या संदर्भात बोलतो. मला तो रोपांमध्ये सोडलेल्या मोकळ्या जागेत दिसला.

आता पाण्याविषयी. शंभर चौरस मीटर हिरवळीला आठवड्याला २५ मिलिमीटर पाणी द्यायचे म्हटले, तरी २,५०० लिटर लागतात. आमची हिरवळ जवळपास तेवढीच होती आणि ऐन उन्हाळ्यात तिची तहान तेवढ्यानेही भागत नसे. आता ठिबकचे पाणी झाडाला आणि नव्या रोपांना मिळते. रोपे रुजली की तेही कमी करत न्यायचे, ही आपली सूचना मी लिहून ठेवली आहे. झाडाला नवी पालवी फुटली आहे, हे आपल्याला कळवायचे राहून गेले होते.

आपली लहान पहार येथेच राहिली आहे. ती पुसून ठेवली आहे. ती न्यायला याल तेव्हा फाटकाजवळच्या घायपाताला बुडाशी जी पिल्ले फुटली आहेत, ती काढावीत की राहू द्यावीत, तेवढे पाहून सांगावे.

आपला कृतज्ञ,
खिडकीत उभा असलेला घरमालक