नान्नजचा तो नर

प्रिय सुध्या,

तू शिव्या घालणार हे धरूनच लिहायला बसलोय. दिवाळीच्या पत्राला उत्तर नाही. वहिनींची आई गेली तेव्हा फोनवर दोन मिनिटं बोललो, तेवढंच. प्रकृती बरी आहे, साखर जरा वर होती, गोळी वाढवलीय. झालं हे. आता मुद्द्याचं.

गेल्या महिन्यात वैजू आणि मी जैसलमेरला जाऊन आलो. निघायच्या आदल्या संध्याकाळी तुझ्या मनूचा फोन. "काका, एकोणनव्वदच्या माळढोक-गणनेची वही आहे ना तुमच्याकडे? नान्नजच्या जुन्या नोंदींवर प्रोजेक्ट करतेय. बाबा म्हणतात त्या वर्षी नर फक्त तुम्ही पाहिलात." मी म्हटलं, आहे, पाठवतो. माळ्यावरच्या ट्रंकेत आहे हे मला पक्कं ठाऊक होतं. पण शिडी लावली नाही. बॅगा भरल्या आणि सरळ स्टेशन गाठलं.

आता नीट ऐक. म्हणजे वाच.

जैसलमेरला सरकारी संग्रहालय आहे, १९८४ सालचं. किल्ला, हवेल्या बघून पाय दुखायला लागले की लोक पंख्याखाली येऊन बसतात, तसं. किराडूची बाराव्या शतकातली शिल्पं आहेत, समुद्री जिवांचे जीवाश्म आहेत. हो, समुद्री, वाळवंटात. वैजू शिल्पांपाशी रेंगाळली आणि मी पुढे गेलो, तर समोर माळढोक. पेंढा भरलेला. तिकडे त्याला गोडावण म्हणतात, राजस्थानचा राज्यपक्षी आहे ना.

सुध्या, तो केवढा मोठा आहे रे! मीटरभर उंच. डोक्यावर काळी टोपी, पांढरी मान, आणि पाय तर आपल्या पप्प्याच्या पायांसारखे, लांबच लांब. पेंढा भरूनसुद्धा त्याचा असा काही रुबाब होता की मी चार पावलं मागे सरलो. आणि तिथेच मला कळलं की हा पक्षी मी आयुष्यात पहिल्यांदा बघतोय.

लिहून टाकलं एकदाचं.

नान्नजला मारडीच्या बाजूचं ते लपण आठवतं? आठवणारच, तू तो किस्सा गेली पस्तीस वर्षं सांगतोयस. दोन दिवस आपण त्यात उकडत बसलो होतो. देशमाने सरांनी दिलेला तक्ता कोरा. तुझं पोट बिघडलेलं (पोहे आदल्या रात्रीचे आहेत हे मी तुला सांगितलं होतं, हे आजही कबूल कर), आणि तू तांब्या घेऊन ओढ्याकडे पळालास. परत आलास तेव्हा मी म्हणालो, "गेला! आत्ता गेला बे. नर होता." तू तांब्या आपटलास. मग वहीत लिहिलं: "नर, १. सकाळी ९.४०. टोपी काळी, मान पांढरी, छातीवर काळा पट्टा." तो पट्टा मी पुस्तकातनं उचलला होता. सर खूश झाले, माझ्या पाठीवर थाप पडली.

अगदीच काही दिसलं नव्हतं असंही नाही. उन्हाच्या झळांत कुसळीच्या पलीकडे तपकिरी असं काहीतरी हललं होतं. ते काहीही असेल. शेळी असेल. त्या क्षणी मला तो माळढोक वाटला, का वाटावा असं वाटलं, हे आता सांगता येत नाही. मात्र छातीवरचा पट्टा मला दिसला नव्हता, एवढं नक्की.

मग तुझा तो किस्सा. "अव्या नर बघत होता आणि मी ओढ्याकाठी!" तुझ्या लग्नात सांगितलास, माझ्या लग्नात सांगितलास, मनूच्या बारशालाही सांगितलास. लोक दर वेळी हसले, मीही हसलो. तुझा सगळ्यात चांगला किस्सा माझ्या थापेवर उभा आहे. आणि गंमत बघ, पुढे तू चार वेळा पाहिलास, एकदा तर नाचणारा नर. मला तेव्हा ठाण्याची ब्रँच मिळाली आणि मी गेलो. म्हणजे हुकला तो मलाच, आणि हळहळत राहिलास तू.

(दुर्बिणीचा विषय काढू नकोस. मामाची दुर्बीण तूच एसटीत विसरलास. त्या भांडणाचा याच्याशी काही संबंध नाही.)

आता म्हणशील, पस्तीस वर्षांपूर्वीची एक थाप, एवढं काय मनाला लावून घेतोस. तेच मी स्वतःला जैसलमेरभर सांगत फिरलो. पण तिथे जिकडे जावं तिकडे हाच विषय.

कुलधरा घे. शहरापासून वीसेक किलोमीटर, पालीवाल ब्राह्मणांचं ओसाड गाव, छपरं उडालेल्या दगडी भिंतींच्या रांगा. गाइड सांगतो: दिवाण सालिमसिंहाची नजर गावातल्या मुलीवर पडली, आणि एका रात्रीत चौऱ्याऐंशी गावं उठून गेली, जाताना शाप देऊन. वैजूच्या अंगावर काटा आला. मी गाइडला विचारलं, विहिरी कधी आटल्या? तो माझ्याकडे असा बघायला लागला की जसं काही मी पूजेत चप्पल घालून आलोय. जाणकार म्हणतात की पाणी आणि शेती खालावत गेली आणि लोक हळूहळू गेले असावेत. पण हळूहळू गेलेल्या लोकांची गोष्ट कोण ऐकतो? एका रात्रीत गेले म्हटलं की तिकीट खपतं. आणि हेच पालीवाल म्हणजे खडीनवाले, बरं का. उताराला बांध घालायचा, आजूबाजूच्या खडकाळ रानाचं पावसाचं पाणी तिथे अडवायचं, ते मुरलं की त्या ओलीवर गहू काढायचा. वर्षाला जेमतेम दोनशे मिलिमीटर पाऊस अशा ठिकाणी गहू! हे सांगायला गाइडला अर्धं मिनिटही नव्हतं. मीही तेच केलं होतं की. कोरा तक्ता कोणाला हवा असतो?

किल्ला मात्र तुला आवडला असता. तू आपल्या भुईकोटाची टिमकी वाजवलीच असतीस, तरी. रावळ जैसलने ११५६ मध्ये बांधायला घेतला, पिवळा वालुकाश्म, नव्याण्णव बुरूज, आणि आत आजही हजारो माणसं राहतात. घरं, दुकानं, जैन मंदिरं, हॉटेलं, सगळं आत. आणि त्याला धोका कशाचा, तर पाण्याचा! पूर्वी डोक्यावरून घागरी यायच्या. आता नळ आले, हॉटेलांची न्हाणीघरं आली, आणि सांडपाणी खालच्या मऊ थरांत मुरून पाया सुटतोय. १९९०च्या दशकापासून बुरूज ढासळलेत. वाळवंटातला किल्ला पाण्याने पडतोय आणि आपल्या सोलापुरात नळाला चार दिवसांनी पाणी. थोडं इकडे पाठवा म्हणावं.

अकलला पण गेलो, बाडमेर रस्त्यावर सतरा किलोमीटर. अठरा कोटी वर्षांपूर्वीच्या झाडांचे दगड झालेले बुंधे. सगळ्यात लांब तेरा मीटर. वर पत्रा, भोवती लोखंडी जाळी. म्हणजे पूर्वी तिथे दाट रान होतं. वैजू म्हणाली, "हे असे जाळीत ठेवलेत, पळून जाणार आहेत का?" मी मोठ्याने हसलो, आणि मग आठवलं की सम इथेही जाळीच आहे.

सम इथे माळढोकांचं प्रजनन केंद्र आहे, २०१९ पासून. पर्यटकांना आत सोडत नाहीत. रानात आता दीडशेच्या आत उरलेत, जवळजवळ सगळे तिकडेच. एक मादी वर्षाला साधारण एकच अंडं घालते. शिवाय विजेच्या तारा. डोळे डोक्याच्या दोन्ही बाजूंना, समोरचं नीट दिसत नाही, आणि पंधरा किलोपर्यंतचं धूड ऐन वेळी वळवता येत नाही. धडकतात आणि मरतात. रस्त्याने पवनचक्क्या आणि तारा बघताना मी मोजणं सोडून दिलं. तारा जमिनीखाली घ्या म्हणून सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये सांगितलं, २०२४ मध्ये तो आदेश सैल केला आणि समिती नेमली. आणि आपलं नान्नज! साडेआठ हजार चौरस किलोमीटरचं अभयारण्य कापून बाराशे बावीसवर आणलं, तेव्हा तू पेपरात पत्र लिहिलं होतंस. तेही मी तुला न कळवता जपून ठेवलंय. आता तिथे एखादी मादी दिसली तरी बातमी होते.

हां, एक तुझ्यासाठी. रामदेवऱ्याच्या केंद्रात एका नराचं नाव सुदा! त्याचं बीज समला आणून टोनी नावाच्या मादीला दिलं आणि २०२४च्या ऑक्टोबरात पिल्लू झालं. कृत्रिम रेतनातून माळढोकाचं हे पहिलंच. वहिनींना सांग, सुदाने नाव काढलं.

आता शेवटचं, आणि हे लिहायलाच खरं तर बसलो. समजवळच्या राष्ट्रीय उद्यानात, सुदासरीला, सकाळी जीपने गेलो. आम्ही सहाजण. थंडी, सेवण गवत, चिंकारे, आणि दोन तास दुसरं काही नाही. मग वाटाड्याने हात केला, "वो देखो साब, झाड़ी के पीछे!" सगळे उभे राहिले. "हां, हां, दिखा!" वाटाड्या माझ्याकडे वळला, "साब, दिखा?"

मी म्हटलं, "दिखा."

नव्हता दिसला, सुध्या. सत्तावन्नाव्या वर्षी, तेही दुसऱ्यांदा! झुडूप दिसलं, त्यामागे हललेलं काहीतरी दिसलं. पुन्हा तेच तपकिरी काहीतरी.

रात्री वैजूने विचारलं, "तुम्हाला खरंच दिसला का हो?" मी म्हटलं, "तुला?" ती म्हणाली, "मला कुठला! सगळे हो म्हणाले म्हणून मी पण आपलं हो म्हटलं." मग बराच वेळ दोघं अंधारात हसत होतो. पण मी तिला माझं उत्तर दिलं नाही. एकोणनव्वदचं तर नाहीच.

मनू त्या वहीतून तक्ता करणार. एकोणनव्वद, मारडी, नर, १. आधीच इतके थोडे, त्यात माझा एक खोटा. का त्याने काय होतंय? एकाने काय होतंय, हे मी चार रात्री म्हणतोय. पण तिला काय सांगू? काकांनी थाप मारली होती? आणि तुझा किस्सा? शेवटी शिडी लावली आणि वही काढली. दोन कोपरे वाळवीने खाल्लेत, ते पान मात्र शाबूत. वाळवीलासुद्धा तेवढंच सोडायचं सुचलं.

तुझ्या गुडघ्याचं ऑपरेशन कधी ठरलं? नुसतं ढकलू नकोस. वहिनींच्या हातच्या शेंगाचटणीचा डबा जैसलमेरला बाजरीच्या भाकरीबरोबर संपला, दुसरा पाठव. वसंताचं कळलं, वाईट वाटलं, त्यावर नंतर लिहीन.

वही स्पीडपोस्टने तुझ्या नावाने पाठवतोय, मनूच्या नाही. पान एक्केचाळीस. मी त्यावर काही खोडलेलं नाही आणि लिहिलेलंही नाही. तू वाच आणि मग तिला दे, किंवा देऊ नको. आणि फोन करू नकोस, लिही. फोनवर तू आधी हसशील, आणि ते मला आत्ता चालणार नाही.

तुझा,
अव्या