शिक्षावाढ नको, गुन्ह्याची रेषा अलीकडे आणा

माननीय संपादक,

मुलांना ऑनलाइन फूस लावणाऱ्यांची शिक्षा वाढवा, ही मागणी अधूनमधून होत असते. नुसती वर्षे वाढवून फारसे साधणार नाही. खरा प्रश्न आहे तो गुन्हा नेमका कुठून सुरू झाला मानायचा, हा.

फूस लावणारा पहिल्या दिवशी फोटो मागत नाही. गेममध्ये ओळख काढतो, वय कमी सांगतो, कॉइन किंवा रिचार्ज देतो, मग 'घरी सांगू नकोस' म्हणत गप्पा दुसऱ्या ॲपवर नेतो. फोटो सर्वांत शेवटी, आणि त्यानंतर धमक्या. पोक्सोच्या, म्हणजे मुलांना लैंगिक गुन्ह्यांपासून संरक्षण देणाऱ्या कायद्याच्या, लैंगिक छळाविषयीच्या कलम ११ मध्ये डिजिटल संपर्काचा उल्लेख आहे. पण तो 'वारंवार किंवा सतत' असावा लागतो आणि हेतू लैंगिक असावा लागतो. माहिती तंत्रज्ञान कायद्यातील कलम ६७ बी मुलांना ऑनलाइन नात्यात ओढणे हा गुन्हा मानते, पण त्यालाही लैंगिक कृतीचा किंवा समंजस प्रौढाला आक्षेपार्ह वाटेल अशा वर्तनाचा संदर्भ जोडलेला आहे. पोक्सोचे कलम ३० हेतू गृहीत धरते खरे, पण ते कोर्टात. पोलिस ठाण्यात तक्रार घेण्याच्या टेबलावर त्याचा उपयोग थोडाच.

इंग्लंडमध्ये २००३ च्या कायद्यात ग्रूमिंगनंतर (म्हणजे अशी पायरीपायरीने फूस लावल्यानंतर) भेटण्याच्या गुन्ह्यासाठी आधी किमान दोनदा संपर्क झालेला असावा लागे. २०१५ मध्ये ती अट एका संपर्कावर आणली. २०१७ पासून सोळा वर्षांखालील मुलाशी प्रौढाने लैंगिक सुखासाठी केलेला एकच लैंगिक संदेशही तिथे स्वतंत्र गुन्हा आहे. शिक्षा कमाल दोन वर्षे, पण पोलिसांना फोटोची वाट पाहावी लागत नाही. आपल्याकडेही कलम ११ मधून 'वारंवार' काढावे आणि ग्रूमिंगची व्याख्या पायऱ्यांसह लिहावी.

कायदा बदलेपर्यंत पुरावा तरी वाचवायला हवा. पालक घाबरून चॅट पुसतात, ॲप काढून टाकतात, आणि प्रकरण तिथेच बसते. आधी आपोआप नाहीसे होणारे संदेश बंद करावेत. व्हॉट्सॲपवर ही मुदत २४ तासांचीही असू शकते. मग वरच्या नावाऐवजी युजरनेम, प्रोफाइलची लिंक आणि तारीख-वेळ दिसेल असे स्क्रीनशॉट घ्यावेत, कारण दिसणारे नाव क्षणात बदलता येते. मुलाच्या नावाने आपण बोलत राहू नये. आणि मुलाचा तसला फोटो 'बघा काय झालंय' म्हणून नातेवाइकांना मुळीच पाठवू नये. तक्रारीपुरती आणि पुराव्यापुरती सूट सोडली तर पुढे पाठवणे हाच गुन्हा ठरतो.

तक्रार १०९८ या बाल हेल्पलाइनवर, राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर किंवा कुठल्याही पोलिस ठाण्यात झिरो एफआयआर (हद्द न पाहता नोंदवलेली तक्रार) म्हणून देता येते. पोलिसांनी त्याच दिवशी ॲपच्या कंपनीला माहिती जपण्याचे पत्र पाठवावे. खाते बंद झाल्यावर नोंदणीची माहिती १८० दिवस ठेवण्याचे बंधन माहिती तंत्रज्ञान कायद्याखालच्या २०२१ च्या नियमांत आहे, आरोपीने स्वतः पुसलेल्या चॅटसाठी त्यात तसे काही नाही.

– बालहक्क विषयात काम करणारे दोन वकील, पुणे