भुईकाट्याच्या सॉफ्टवेअरमध्ये वजन गोठते, त्याबाबत तक्रार

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक सेवा विभाग

तुमच्या माणसाचा फोन ठेवून लगेच हे पत्र लिहितोय. तक्रार 'सोडवली' म्हणून बंद केल्याचा मेसेजही येऊन पडलाय. सुटलेलं काहीही नाही.

काट्याचा इंडिकेटर, म्हणजे वजन दाखवणारा डबा, कंटिन्युअस मोडवर आहे, म्हणजे वजन सतत कॉम्प्युटरला पाठवत राहतो. ९६०० बॉड, ८ बिट, नो पॅरिटी, १ स्टॉप बिट, हे डेटा पाठवण्याच्या वेगाचं आणि पद्धतीचं सेटिंग तुमच्याच माणसाने करून दिलं. गाड्यांची रांग लागली की विंडो 'नॉट रिस्पॉन्डिंग' होते. कधी १८४६० च्या जागी नुसतं ४६० येतं. सगळ्यात घातक म्हणजे वजन गोठतं. उसाची ट्रॉली काट्यावरून उतरली, इंडिकेटरवर शून्य आलं, तरी स्क्रीनवर तिचंच वजन. पुढची गाडी चढली आणि तिचीही पावती त्याच आकड्याची निघाली. शेतकऱ्याने ती इंडिकेटरच्या लाल आकड्यांशेजारी धरली आणि विचारलं, "मालक, यातलं खरं कुठलं?" काट्यावर वैधमापनचा शिक्का आहे, तरी चोर ठरायची वेळ माझ्यावर आली.

आता आजचा फोन. मी सांगितलं, तुमचं सॉफ्टवेअर बंद करून त्याच पोर्टवर, त्याच केबलने पुट्टी (पोर्टवर आलेला डेटा जसाच्या तसा दाखवणारा प्रोग्राम) लावलं तर रात्रभर आकडे अखंड येतात. उत्तर मिळालं, "सर, तुमचा काटा डेटा फार जोरात पाठवतोय." ९६०० बॉडला सेकंदाला जेमतेम ९६० अक्षरं येतात, ती आजच्या कॉम्प्युटरला जड होतात? मग म्हणाला, दर गाडीनंतर सॉफ्टवेअर बंद करून चालू करा. ऐन हंगामात, गाडी काट्यावर उभी ठेवून? त्यावर म्हणतो, "कॉम्प्युटर कळणारं कोणी असेल तर त्यांना फोन द्या." फोन स्पीकरवर, केबिनमध्ये ड्रायव्हर उभे. मी म्हटलं, काटा मीच चालवतो, तुम्ही माझ्याशीच बोला. तर तेच वाक्य पुन्हा, आवाज चढवून, बहिऱ्याला सांगावं तसं.

पोर्ट वाचण्याचं काम विंडोपासून वेगळ्या थ्रेडवर न्या, म्हणजे विंडो अडली तरी वाचन स्वतंत्रपणे चालू राहील. आलेले बाइट (अक्षरं) साठवा, वजनाची ओळ पूर्ण झाल्याशिवाय आकडा दाखवू नका. सिरियल पोर्टवर एका वाचनात अख्खी ओळ मिळेलच असं नसतं, हे तुमच्या प्रोग्रामरला गिऱ्हाइकाने सांगायचं? दोन सेकंद डेटा आला नाही तर वजन पुसा आणि पावतीचं बटण बंद करा. पुन्हा लिहितो, एका गाडीचं वजन दुसऱ्या गाडीच्या पावतीवर येता कामा नये.

कुपवाडच्या काटेवाल्यांना तुमचं नाव मीच सुचवलं होतं. आता त्यांना काय तोंड दाखवू?

आठ दिवसांत दुरुस्त सॉफ्टवेअर द्या, नाहीतर पूर्ण पैसे परत करा. दोन्ही नाही झालं तर सांगलीच्या जिल्हा ग्राहक आयोगात जाणार. हा काटा मी पोटापाण्यासाठी स्वतः चालवतो, तेव्हा 'व्यावसायिक वापर' ही सबब तिथे पुढे करू नका. तोवर इंडिकेटर बघून हातानेच पावत्या लिहितोय. वार्षिक देखभालीचं बिल पाठवू नका, ते भरणार नाही.

भुईकाटा मालक,
मिरज रस्ता, सांगली