‘क्रिटिकल’ म्हणजे दर वेळी ‘गंभीर’ नव्हे

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

बातम्यांत ‘क्रिटिकल’ हे इंग्रजी विशेषण आले की मराठीत ते बहुधा ‘गंभीर’ होऊन उतरते. रुग्णाच्या बातमीत ते खपून जाते. इतरत्र बातमीचा अर्थच उलटतो.

सर्वात मोठा घोळ अणुभट्टीचा. भट्टी ‘क्रिटिकल’ झाली म्हणजे साखळी अभिक्रिया स्वबळावर, स्थिर दराने चालू लागली. प्रत्येक विखंडनातून (म्हणजे अणुकेंद्रक फुटण्यातून) सुटलेल्या न्यूट्रॉन या कणांपैकी सरासरी एक पुढचे विखंडन घडवतो, एवढाच त्याचा अर्थ. वीज देणारी भट्टी एका शक्तिपातळीवर चालते ती याच अवस्थेत. 2 डिसेंबर 1942 रोजी शिकागोत मानवनिर्मित पहिली भट्टी क्रिटिकल झाली, ते यश होते. शक्ती वाढवायची तर भट्टी काही काळ किंचित ‘सुपरक्रिटिकल’ही, म्हणजे अभिक्रिया वाढत जाईल अशी, करावी लागते. लगाम हाती राहतो तो उशिरा सुटणाऱ्या न्यूट्रॉनांमुळे. युरेनियम-235च्या विखंडनात त्यांचे प्रमाण जेमतेम 0.65 टक्के, पण तेवढ्यावर न्यूट्रॉन शोषणारे नियंत्रक दांडे हलवायला सवड मिळते. त्यांची वाट न पाहता, केवळ तत्क्षणी सुटलेल्या न्यूट्रॉनांवर अभिक्रिया चालू लागली, तर मात्र धोका. त्याला ‘प्रॉम्प्ट क्रिटिकल’ म्हणतात. म्हणून ‘भट्टीची स्थिती गंभीर’ हे शीर्षक साफ चूक. पाठ्यपुस्तकातला ‘क्रांतिक’ रुक्ष असेल, पण खरा आहे.

औष्णिक केंद्राचे ‘सुपरक्रिटिकल’ आणखी वेगळे. पाणी 374 अंश सेल्सिअस आणि सुमारे 221 बार दाब (हवेच्या दाबाच्या सुमारे 220 पट) यांपलीकडे गेले की द्रव आणि वाफ हा भेद उरत नाही. अशा दाबावर चालणारे केंद्र तेवढ्याच विजेला कमी कोळसा जाळते. यात घाबरण्यासारखे काय?

रुग्णाबाबत ‘प्रकृती गंभीर पण स्थिर’ हे वाक्य सर्रास छापले जाते. क्रिटिकलचा रूढ निकषच मुळी नाडी, रक्तदाब, श्वसन अस्थिर असणे हा आहे! बातमीदाराने दोनच प्रश्न विचारावेत: रुग्ण व्हेंटिलेटरवर आहे का, आणि रक्तदाब औषधांनी टिकवला आहे का? उत्तरे मिळाली की विशेषणाची गरजच उरत नाही.

‘क्रिटिकल मिनरल्स’चे भाषांतर ‘दुर्मिळ खनिजे’ असे होते, तेही फसवे. युरोपीय संघाच्या 2023च्या यादीत 34 कच्चे माल आहेत आणि त्यांत पोलादनिर्मितीत लागणारा, दुर्मिळ म्हणता न येणारा कोकिंग कोळसासुद्धा आहे. अर्थव्यवस्थेतले महत्त्व आणि पुरवठा खंडित होण्याची जोखीम हे त्या यादीचे दोन निकष. ‘कळीची खनिजे’ म्हटले तर दोन्ही सामावतात.

सॉफ्टवेअरमधील त्रुटीला ‘क्रिटिकल’ म्हणतात ते सीव्हीएसएस या त्रुटींची तीव्रता मोजणाऱ्या 0 ते 10 गुणांच्या मोजपट्टीवर 9.0 ते 10 गुण मिळाले तर. हे गुण त्रुटीचे असतात. हल्ला झाला की नाही, ते स्वतंत्रपणे विचारून मगच छापावे.

आपला,
एक वाचक