नाना फडणवीसांचे गाल भरले नाहीत, त्याबद्दल काका तुमचे आभार

काका, नमस्कार.

फोनवर थँक्यू म्हणायला लागलं की तुम्ही "बरं बरं, फ्रेमला ऊन लागू देऊ नका" म्हणून फोन ठेवून देता, म्हणून आता इथे सगळ्यांसमोर लिहितीये, इथून पळून दाखवा.

बाकीच्यांसाठी थोडक्यात सांगते. आमचे बाबा शाळेत इतिहास शिकवायचे आणि आमच्या घरात पेशवाईबद्दल अशी चर्चा चालते जणू प्रकरण अजून कोर्टात आहे. त्यांच्या पंचाहत्तरीला शाल-श्रीफळ सोडून काहीतरी द्यायचं होतं. जेम्स वेल्स नावाच्या स्कॉटिश चित्रकाराने पुण्यात काढलेलं सवाई माधवराव आणि नाना फडणवीसांचं ऑइल पेंटिंग आहे ना, १७९२ चं, ते बाबांचं भारी आवडतं, पण ओरिजिनल लंडनला रॉयल एशियाटिक सोसायटीकडे, आणि बाबांनी जन्मभर ते पुस्तकात पोस्टकार्डाएवढंच बघितलेलं. म्हणून त्याची प्रत करून द्यायचं ठरवलं, आणि ती रंगवली ती या आमच्या चित्रकार काकांनी.

आधी मी एका दुकानातून 'हँडपेंटेड' म्हणून सॅम्पल आणलं होतं, चांगलं खरखरीत, ब्रशचे फटकारे वगैरे. तुम्ही ते उजेडात तिरकं धरलंत आणि म्हणालात, हे बघ, फटकारे पगडीवरून, गालावरून, मागच्या भिंतीवरून सगळीकडे एकाच दिशेला चाललेत, खरा ब्रश गालावर आला की गालासारखा वळतो. मग भिंग दिलंत हातात. खाली चक्क प्रिंटरचे ठिपके! प्रिंट काढून वरून पारदर्शक जेल फासलेलं. पैसे वाचले ते तुमच्यामुळे, आणि आता मी कुणाच्याही घरी गेले की भिंतीवरची चित्रं तिरकी होऊन बघते, नवरा वैतागलाय.

तुमच्याकडे काम चालू असताना मी उगाच येऊन बसायचे ते तुम्ही चालवून घेतलंत, त्याचे वेगळे आभार. नेटवरच्या एका फोटोत चित्र पिवळट, दुसऱ्यात लालसर, मग खरा रंग कुठला धरायचा यावर तुम्ही ब्रशला हात न लावता किती वेळ घालवलात. मग चौकटी आखून रेखाटन, त्यावर नुसत्या ब्राउनमध्ये सगळी छाया-प्रकाशाची मांडणी, ते वाळल्यावर रंग, खालचे थर टर्पेंटाइनवाले पातळ आणि वरचे जास्त तेलाचे, कारण उलटं केलं तर पुढे तडे जातात. मला वाटायचं दोघांचे कपडे पांढरे म्हणजे ते काम सोपं. तुम्ही हसलात. त्या मलमलीत करडा होता, पिवळी माती होती, सावलीत निळसर काहीतरी, आणि ट्यूबमधला पांढरा जेमतेम घडीच्या कडेला. टायटॅनियम व्हाइट तसाच लावला तर ट्यूबलाइटसारखा दिसतो, वेल्सच्या वेळी तो नव्हताच, तेव्हा शिशाचा पांढरा असायचा, म्हणून तुम्ही टायटॅनियममध्ये जरा पिवळा घालून तो मऊ केलात.

आणि ते मोती! आधी नुसता करडा गोळा, मग सावलीच्या बाजूला खालून अंगावरच्या रंगाची हलकी ऊब, आणि सगळ्यात शेवटी बारीक टोकाने एक पांढरा ठिपका, तोही मधोमध नाही, जरा बाजूला. तो ठिपका पडेपर्यंत मला ते साबुदाणे वाटत होते, खोटं कशाला बोलू.

पण खरे आभार दादाला गप्प केल्याबद्दल. तो आला आणि म्हणाला, नानांचे गाल किती बसलेत, जरा भरा ना, चेहऱ्यावर तेज आणा, मागे थोडं सोनेरी टाका. तुम्ही ब्रश पुसत म्हणालात, "वेल्सने त्यांना समोर बघितलंय, मी नाही." विषय संपला. आजकाल ऐतिहासिक माणूस म्हणला की सिक्स पॅक आणि मागे आग लागलेली असते, त्यात एक पन्नाशीचा किडकिडीत, डोक्याला शंभर व्याप असलेला माणूस तसाच ठेवणं म्हणजे मला फार मोठी गोष्ट वाटते. शेजारी अठरा वर्षांचा पेशवा, तो तर कोवळाच दिसतो. पुढे १७९५ च्या ऑक्टोबरमध्ये तो गेला आणि नोव्हेंबरमध्ये वेल्सही गेला, हे बाबा प्रत्येक पाहुण्याला चित्रासमोर उभं करून सांगतात, चहा गार होतो.

गंगाराम तांबटांचं नावही मला तुमच्यामुळेच कळलं. पेशव्यांच्या दरबारातला इंग्रजांचा वकील, म्हणजे रेसिडेंट, मॅलेट याच्या पुढाकाराने शनिवारवाड्यात चित्रकलेची शाळा निघाली होती आणि हा आपला पुण्याचा माणूस वेल्सच्या हाताखाली काम करायचा, वेरूळच्या लेण्यांची चित्रंसुद्धा काढली त्याने. बाबांना हे माहीत होतं म्हणे, मग आम्हाला कधी का नाही सांगितलं कुणास ठाऊक.

अजून एक. मूळ चित्र चांगलं मोठं, आपलं मुद्दाम तीन फुटी, आणि मागे कॅनव्हासवर तुम्ही स्वतः लिहून दिलंत, 'जेम्स वेल्स यांच्या चित्रावरून केलेली प्रत', खाली तुमची सही. पॅरिसच्या लूव्रमध्ये बसून नक्कल करणाऱ्यांनाही मूळ साइझ वापरू देत नाहीत, उद्या कुणी खरं म्हणून विकायला नको. दादा म्हणाला सही पुढे करा की, तर नाही म्हणालात.

व्हार्निशला सहा महिने तरी थांबायचं म्हणालात, तोवर आम्ही कोरड्या मऊ ब्रशने धूळ झटकतोय, ओलं फडकं आईच्या हातातून दोनदा काढून घेतलंय. आणि आता बाबांना महादजी शिंदे हवेत, तेही वेल्सचेच. आई म्हणते जरूर करा, पण नाना हॉलमध्ये आहेत तर महादजी बेडरूममध्ये लावायचे, दोघांना एका भिंतीवर ठेवून रोजची कटकट नको. तर काका, तारीख कळवा, आणि या वेळी ॲडव्हान्स घ्या प्लीज.

तुमची,
मास्तरांची धाकटी